तलावांचा मराठी नकाशा ए-झिरोच्या मोठ्या कागदावर छापायचाय, फाइल कुठल्या फॉरमॅटमध्ये देऊ?

तलावपाळी_ठाणे
नमस्कार मंडळी, आमच्या वाचनालयाच्या भिंतीसाठी ठाण्यातल्या तलावांचा नकाशा करतोय, क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, सगळी नावं मराठीत. मासुंदा, कचराळी, उपवन, अंबेघोसाळे, सिद्धेश्वर, रायलादेवी, शिवाय रस्ते आणि वस्त्या. परवा लेआउटमधून १५० डीपीआयला (म्हणजे इंचाला १५० पिक्सेल) जेपीजी काढली, दुकानात मोबाईलवरून फोटो म्हणून पाठवली आणि प्रिंट हातात आली तेव्हा खरंच वाईट वाटलं, मासुंदावरचा अनुस्वार गायब, सरळ 'मासुदा' वाचता येतं, बारीक नावांभोवती धुरकट ठिपके, आणि येऊरच्या हिरव्यावर राष्ट्रीय उद्यानाची हद्द लाल रेघेने दाखवली होती तिचा मळकट तपकिरी पट्टा झालाय. लहान मुलं यावरून नावं शिकणार, चुकीचं लावणं मनाला पटत नाही. दुकानवाले काका म्हणतात जेपीजीच द्या, फक्त क्वालिटी वाढवा. पीएनजी देऊ, टिफ देऊ की पीडीएफ? पुढच्या रविवारी लावायचाय.

खाडीकाठ_ऐरोली
दादा, जेपीजी फोटोसाठी आहे, नकाशासाठी नाही. ती चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडून त्यातला बारीक तपशील गाळते, फोटोत ते कळत नाही पण पांढऱ्यावरच्या काळ्या अक्षराशेजारी लगेच ठिपके उठतात. रंगाची माहिती तर बहुतेक वेळा उभी-आडवी दोन्हीकडून निम्मीच ठेवते, म्हणून तुमची लाल रेघ हिरव्यात मिसळली. वर फोटो म्हणून पाठवलीत म्हणजे आणखी एकदा दाबली गेली, आकारही कमी झाला असणार. यापुढे पाठवायची झाली तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा नाहीतर सरळ पेनड्राइव्ह न्या.

आता अनुस्वाराचं. ६ पॉइंटचं अक्षर १५० डीपीआयला जेमतेम १२ पिक्सेल उंच होतं, त्यात शिरोरेघ, मात्रा, वरचं टिंब सगळं बसवायचं, म्हणजे टिंबाच्या वाट्याला एखाद-दुसरा पिक्सेल. इंग्रजी नकाशाला जे चालतं ते देवनागरीला चालत नाही, आपल्याला ३०० लागतातच. पण ३०० ला ए-झिरो म्हणजे ९९३३ बाय १४०४३ पिक्सेल, मेमरीत ४०० एमबीच्या आसपास, जुन्या लॅपटॉपवर एक्स्पोर्ट मध्येच अडकतो. म्हणून माझं मत पीडीएफ. त्यात रेघा आणि अक्षरं वेक्टर, म्हणजे ठिपक्यांऐवजी आकार म्हणून राहतात, पिक्सेलचा प्रश्नच येत नाही, आणि कागदाचा साईझ फाइलमध्येच असतो. फक्त नकाशाच्या कुठल्या लेयरला (थराला) ट्रान्सपरन्सी (पारदर्शकता) किंवा ब्लेंडिंग (रंग एकमेकांत मिसळणं) लावलं असेल तर काढा, नाहीतर तेवढा भाग गुपचूप चित्र होऊन बसतो.

प्लॉटर_वाशी
मी वाशीत प्रिंटिंगच्या दुकानात आहे, वरच्यांचं बरोबर आहे पण एक गोष्ट राहिली. मराठी पीडीएफ आमच्याकडे दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली की फॉन्ट बदलतो, जोडाक्षरं सुटतात, वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. गिऱ्हाईक आमच्यावर चिडतं, आम्हाला मराठी कळतं तरी प्रत्येक नाव तपासायला वेळ कुठे असतो. क्यूजीआयएसमध्ये पीडीएफ काढताना टेक्स्ट 'पाथ' म्हणून काढायचा पर्याय आहे, तोच ठेवा, अक्षरांचे आकार होऊन जातात, मग कुठेही उघडा. आणि सोबत ३०० डीपीआयची टिफ एलझेडडब्ल्यू कॉम्प्रेशनने ठेवा, पीडीएफने त्रास दिला तर ती लावता येते. त्या कॉम्प्रेशनने काहीही गळत नाही. पीएनजीनेही गळत नाही, पण तिच्यात सीएमवायके (छपाईच्या चार शायांचे रंग) बसत नाही, ऑफसेट छपाईला अडचण येते. प्लॉटरला, म्हणजे मोठ्या कागदाच्या प्रिंटरला, आरजीबी (स्क्रीनचे रंग) चालतं.

तलावांना भडक निळा दिलाय का? तो कागदावर जांभळट येतो, थोडा आकाशीकडे न्या. आणि दुकानात 'फिट टू पेज' करू नका म्हणून सांगा, स्केल बिघडतं.

नकाशावेडी_बेलापूर
खाली ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाच्या टाइल्स, म्हणजे तयार चित्रांचे चौकोनी तुकडे लावलेत का? मग फॉरमॅट कुठलाही घ्या, डीपीआय वाढवला की त्या पुढच्या झूमच्या येतात आणि त्यांच्यावरची नावं मुंगीएवढी होतात, माझा एक अख्खा नकाशा असाच वाया गेला. क्विकओएसएम प्लगइनने रस्ते, तलाव डेटा म्हणून उतरवा आणि स्टाइल स्वतः द्या. ओपनस्ट्रीटमॅपचं श्रेय कोपऱ्यात लिहायला विसरू नका, ती अट आहे. खाली उपग्रहाचं चित्र असेल तर मात्र जेपीजीला नावं ठेवू नका, मी खाडीतल्या फ्लेमिंगोंच्या जागा दाखवताना तिवरांचं चित्र पीएनजीत काढलं तर फाइल उघडेना.

तलावपाळी_ठाणे
सगळ्यांचे मनापासून आभार. टाइल्सच होत्या, काढल्या, दोन रात्री बसून रस्ते स्वतः रंगवले. टेक्स्ट पाथ करून पीडीएफ काढली, पण अख्खा ए-झिरो न छापता मासुंदा ते कचराळी एवढाच तुकडा त्याच स्केलला ए-फोरवर काढून पाहिला. अनुस्वार स्वच्छ दिसतोय, भिंग लावून पाहिलं तरी कडा धारदार आहेत. १:१०,००० आहे म्हणून स्केलबारवर पट्टी ठेवली, १ किलोमीटर बरोबर १० सेंटिमीटर. लाल हद्दही लालच आहे. निळा अजून थोडा जांभळट वाटतोय, तेवढा आज रात्री बदलतो आणि उद्या काकांकडे पेनड्राइव्ह घेऊन जातो, पीडीएफ आणि टिफ दोन्ही टाकून.

प्लॉटर_वाशी
निळा बदलला की परत एक ए-फोर काढा, मगच मोठा सोडा. मॅट कागद सांगा, चकचकीत कागदावर वाचनालयाच्या ट्यूबलाइटखाली नावं वाचता येणार नाहीत.