कालिदासला रात्रीची मैफल, जेवायचं कुठे?

शनिवारी आईला घेऊन जळगावहून नाशिकला येतोय, कालिदास कलामंदिरात ९ वाजता गाणं आहे. आधी खावं की नंतर? आईला शनिवारचा उपास असतो.

गोदाकाठ: आधीच खा, नंतर फार धावपळ होते. कालिदास शालिमारलाच आहे, तिथून मेन रोडला सायंतारा जवळ, साबुदाणा वडा गरम गरम मिळतो म्हणजे काकूंच्या उपासाचंही झालं. पण पोटभर नका खाऊ हां, जड पोटी विलंबित, म्हणजे संथ लयीतलं गाणं, ऐकताना डोळे मिटतात, माझं झालंय असं.

पंचवटीकर: +१. रात्री राहणार असाल तर सकाळी गंगापूर रोडच्या बाजूला साधनाची चुलीवरची मिसळ खाऊनच निघा, नाशिकला मिसळ सकाळचीच, आणि परत जाताना कोंडाजीचा चिवडा घ्या.

द्राक्षवाला: वाईन घ्यायची असेल तर दुसऱ्या दिवशी दुपारी सुला वाईनरीला जा, गंगापूर धरणाजवळ आहे, टेस्टिंग असतं, मात्र गाडी चालवणाऱ्याने अजिबात घेऊ नये.

मूळ धागाकर्ता: खूप आभार! आई वड्यावर खूश आहे, ७ ला पोचतो.