टॉवरमध्ये फ्लॅट घ्यावा का? बिल्डरच्या कर्जाच्या बातम्या येतायत

मेघा_माहीम: आईबाबांसाठी परळच्या आसपास टू बीएचके बघतोय. एका नव्या टॉवरचा सँपल फ्लॅट आवडला. पण सोसायटीच्या ग्रुपवर जो तो त्या इमारतीला नावं ठेवतोय: म्हणे काचेची पेटी, वर मुकुट कशाला. ते सोडा, बिल्डरचं कर्ज थकल्याचं कानावर आलंय. सेल्सवाला म्हणतो, आज टोकन दिलंत तर फ्लोअर राइज (वरच्या मजल्याचे जादा पैसे) माफ. काय करू?

गिरणगावकर: मुकुटाचं जाऊ दे. पण डिझाईन आणि पैसा वेगळे असतात असंही समजू नका. वरळीचं पॅले रोयाल आठवतंय? श्रीराम मिलच्या जागेवरचं. भलेमोठे रिफ्यूज एरिया (आगीत आसरा घ्यायच्या जागा) एफएसआयबाहेर, म्हणजे मंजूर बांधकाम क्षेत्रात न धरता, दाखवल्यावरून वाद कोर्टात गेला, काम अडकलं, कर्ज फुगलं आणि 2019 मध्ये ती इमारत लिलावात 705 कोटींना गेली. लोअर परळचं वर्ल्ड वन 442 मीटरचं होणार होतं. विमानतळाची परवानगी आड आली आणि 280 वरच थांबलं. ब्रोशरमधली उंची म्हणजे मंजूर उंची नव्हे.

मेघा_माहीम: मग मंजूर किती ते कळणार कसं?

सुलभा_ठाणे: महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या, साइटवर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाका. सीसी (बांधकाम सुरू करायची परवानगी) उघडून वाचा, त्यात ती कितव्या मजल्यापर्यंत आहे ते लिहिलेलं असतं. तुमचा फ्लॅट 38 व्या मजल्यावर आणि सीसी 25 पर्यंत, असले प्रकार सर्रास चालतात. ताब्याची तारीख किती वेळा पुढे ढकलली तेही तिथेच दिसतं. कर्जासाठी कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर कंपनीवरचे चार्ज, म्हणजे कर्जापोटी काय काय तारण आहे ते, बघा. जमीन गहाण असेल तर तुमच्या फ्लॅटपुरती त्या बँकेची एनओसी लेखी मागा. द्यायला टाळाटाळ केली की समजून जा.

बोरिवलीचा_बाळ: रेरा आहे ना, पैसे व्याजासकट परत मिळतात. एवढं काय घाबरायचं?

गिरणगावकर: बाळासाहेब, पैसे परतीचं ते रेराचं कलम 18 कागदावर छान आहे. पण कंपनीचं दिवाळखोरीचं प्रकरण एनसीएलटीत (कंपनी न्यायाधिकरणात) दाखल करून घेतलं की वसुलीला स्थगिती लागते, मग कलेक्टरकडचं वसुली वॉरंटही पडून राहतं. 2018 पासून घर घेणारा वित्तीय धनको, म्हणजे बँकेसारखाच कर्ज देणारा, धरला जातो हे खरं, पण दिवाळखोरीचा अर्ज स्वतः करायचा तर त्या प्रकल्पातले 100 जण किंवा 10 टक्के तरी गोळा करावे लागतात. गिऱ्हाइकांच्या पैशातले 70 टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे असतात, तरी जुन्या कर्जाचा डोंगर त्याने हलत नाही.

सुलभा_ठाणे: आणि टोकनचं म्हणाल तर नोंदणीकृत करार झाल्याशिवाय 10 टक्क्यांच्या वर छदामही देऊ नका, कायद्यानेच मनाई आहे. खरं तर आईबाबांसाठी आहे तर ओसी (राहायला जायचा दाखला) मिळालेलंच घ्या. महाग पडेल, पण या वयात त्यांना भाड्याच्या घरात ताब्याची वाट बघायला लावू नका.

मेघा_माहीम: सीसी 22 व्या मजल्यापर्यंतच आहे, आमचा फ्लॅट 31 वर. एनओसीचं विचारलं तर "मॅनेजमेंटशी बोलतो" म्हणाला. टोकन देत नाही. प्रभादेवीत ओसी झालेलं काही कुणाला माहीत असेल तर कळवा, शक्यतो लिफ्टची दुरुस्ती वेळेवर होणारी सोसायटी.