मदत हवी आहे: एल निनोच्या वर्षी सोयाबीनचं काय करावं?

नमस्कार मंडळी. आमची औसा तालुक्यात (जि. लातूर) कोरडवाहू जमीन आहे, खरिपाची सगळी भिस्त सोयाबीनवर. एप्रिलमध्ये एल निनोची (प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापण्याची) बातमी आली की घरात वाद सुरू होतो. बाबा म्हणतात, सोयाबीन कमी करून तूर वाढवू. भाऊ म्हणतो, १९९७ ला एवढा जबर एल निनो होता, तरी देशात सरासरीच्या १०२ टक्के पाऊस पडला, मग भ्यायचं कशाला?

मला मात्र २०२३ चा ऑगस्ट विसरता येत नाही. पीक फुलोऱ्यात आणि आभाळ कोरडं. दुपारी पानं माना टाकायची, फुलं गळून सरीत पडायची, ज्या शेंगा धरल्या त्या चपट्याच राहिल्या.

एवढ्या लांबच्या प्रशांत महासागराचा आपल्या पावसाशी संबंध काय? एल निनो म्हणजे दुष्काळ पक्काच का? आणि पेरणीआधी नेमकं काय बघायचं? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

ताई, एल निनोमुळे दुष्काळाची शक्यता वाढते, पण पक्कं काही होत नाही.

एरवी पूर्वेकडून वाहणारे वारे प्रशांत महासागराचं गरम पाणी इंडोनेशियाकडे लोटतात. तिथे हवा वर चढते, ढग होतात. एल निनोत हे वारे मंदावतात, गरम पाणी मध्य आणि पूर्व भागाकडे सरकतं आणि हवा वर चढण्याची जागाही सरकते. मग भारतावर हवा खाली दबते, ढगांची वाढ खुंटते.

भावाचा आकडा बरोबर आहे, पण पाणी कुठे तापलं तेही बघावं लागतं. १९९७ ला सगळ्यात जास्त तापलं ते पूर्वेला, दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाच्या बाजूला. २००२ चा एल निनो त्यापेक्षा बराच सौम्य होता, पण मध्य प्रशांतातला. त्या वर्षी जुलैचा पाऊस जवळपास निम्म्यावर आला आणि हंगाम ८१ टक्क्यांवर संपला.

दुसरी गोष्ट हिंदी महासागराची. आफ्रिकेकडची बाजू गरम आणि सुमात्राकडची थंड असेल, तर त्याला धन आयओडी (इंडियन ओशन डायपोल) म्हणतात. तो सहसा आपल्या पावसाला हात देतो. १९९७ ला तो जोरात होता. पण २०१५ लाही तो होता आणि पाऊस ८६ टक्केच झाला. त्यामुळे त्याच्या भरवशावर निर्धास्त राहू नका.

धागाकर्ती

खूप आभार! म्हणजे एप्रिलच्या बातमीवरून पीक बदलू नये?

प्रतिसाद २

नुसत्या तेवढ्यावरून तरी नको. मार्च-एप्रिलमध्ये वर्तवलेला एल निनोचा अंदाज सगळ्यात कच्चा असतो. हवामान विभागाचा मे अखेरचा सुधारित अंदाज बघा. तोही देशाचा आणि मोठ्या विभागांचा असतो, तुमच्या शिवाराचा नाही. हंगामात दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज येतो, पावसात खंड पडणार का ते त्यावरून थोडंफार कळतं.

बाबांचं आणि भावाचं दोघांचंही ऐकता येईल: सोयाबीनमध्ये तुरीचं आंतरपीक घ्या. तूर उशिरापर्यंत उभी राहते, परतीच्या पावसावर सावरते. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन वाफसा (पेरणीजोगी ओल) आल्याशिवाय पेरू नका, नाहीतर दुबार पेरणीचा खर्च बसतो. जमल्यास रुंद वरंबा-सरीवर पेरा, ओल जास्त दिवस टिकते. विहिरीला पाणी किती असतं? पाण्याची एकच पाळी देता येणार असेल, तर ती शेंगा भरतानाच्या खंडासाठी राखून ठेवा.

धागाकर्ती

ऑगस्टमध्ये एका पाळीपुरतं असतं. आंतरपिकाचं आजच घरी बोलते.