होडीवर टॅब लावणारे म्हणजे हौशी? मग ऐकाच

धुक्यातला_नावाडी

परवा इथंच एकानं लिहिलं, "नाथसागरात टॅब बघत होडी चालवणारे शहरी हौशी लोक आहेत, ज्याला पाणी कळतं त्याला पडदा लागत नाही." खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. दोन दिवस गप्प बसलो, आज बसवेना.

मी शहरी नाही, हौशी तर अजिबात नाही. १६ फुटी फायबरची होडी, १५ हॉर्सपॉवरचं इंजिन. लांबच्या काठांवरून मासळी गोळा करायची आणि लिलाव सुरू व्हायच्या आत पोचवायची, एवढंच काम. कटला उशिरा पोचला की भाव कसा पडतो हे वाहवा करणाऱ्यांनी एकदा येऊन बघावं. आणि नाथसागर म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाचा जलाशय, गावतळं नव्हे. ५५ किलोमीटर लांबी, रुंदी काही ठिकाणी २७. जानेवारीत पहाटे धुकं पडलं की स्वतःच्या होडीचं नाक दिसत नाही. अशाच एका पहाटे मी "सरळ" चाललो होतो. चाळीस मिनिटांनी समोर जाळ्याचा डबा आला. ओळखीचा वाटला. माझाच होता. गोल फिरून मी निघालो तिथंच आलो होतो, आणि मागं बर्फात दीड क्विंटल माल.

त्यानंतर आधी लॅपटॉप करून बघितला. पुतणीचा जुना लॅपटॉप, यूएसबीचा जीपीएस, आणि ओपनसीपीएन, होडीची जागा नकाशावर दाखवणारं सॉफ्टवेअर, ते फुकट मिळतं. घरी ओट्यावर झकास चाललं. होडीवर तीन दिवस. बॅटरीवरून इन्व्हर्टर, इन्व्हर्टरवरून चार्जर, या उलाढालीत बॅटरीच बसली, आणि एका लाटेचं पाणी कीबोर्डात गेलं. पुतणी अजून बोलत नाही. म्हणून टॅब. सेकंडहँड, पण सिमची खाच असलेला, कारण नुसत्या वायफायच्या बऱ्याच टॅबांत जीपीएस बसवलेलंच नसतं. हे दुकानदार सांगत नाही. सिम घालायची गरज नाही, रेंजही लागत नाही, फक्त नकाशा घरून उतरवून न्यायचा.

आणि नकाशा कुठला? तलावाचा चार्ट कुणी छापत नाही. नेहमीच्या नकाशात नुसतं निळं. म्हणून मी २०१६ च्या उन्हाळ्यातली उपग्रहाची चित्रं काढली. धरण मृतसाठ्यावर होतं तेव्हाची. जुने रस्ते, बांध, विहिरींची तोंडं, सगळं उघडं पडलेलं. ते चित्र खाली आणि माझा ठिपका वर. वर सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या, धरणाआधीच्या टोपोशीटवरची, म्हणजे सरकारी नकाशावरची, गावं टाकली. असे २३ धोके नोंदवलेत. सांगा आता, यात हौस कुठं आहे?

तीन_पिढ्या_पाण्यात

ते वाक्य माझं होतं आणि मागं घेत नाही.

साहेब, तुमचा टॅब जानेवारीत हुशार. मे महिन्यात दुपारी बारा वाजता त्याला घेऊन या. एका नामांकित कंपनीच्या कागदावरच लिहिलंय, ३५ अंशांपर्यंतच वापरा. आपल्याकडं ४२-४३ असतं, त्यात होडीचं फायबर तापलेलं. "थंड होऊ द्या" असं लिहून तो झोपतो. मग काय त्याला कांदा लावायचा नाकाला? ओल्या बोटानं पडदा ऐकत नाही, खवलं चिकटलेल्या बोटानं भलतंच उघडतं. उन्हात पडद्यात स्वतःचं तोंड दिसतं. आणि ते काळे गॉगल लावणारे, त्यांना तर आडवा धरला की पडदा पूर्ण काळा, उभा धरला की दिसतो. मी हसून हसून मेलो होतो एकाला बघून.

आता खरी गोष्ट. मागल्या वर्षी एक जण असाच टॅबात मान घालून चालला होता. समोर शेतकऱ्याच्या मोटारीचा पाइप, डबे बांधून तरंगत सोडलेला. दिसत होता, वीस हातांवरून दिसत होता! पंखा गुंतला, पिन तुटली, मी ओढून आणला. टॅबात पाइप नव्हता म्हणे. अरे पण पाण्यात होता ना?

हे पाइप म्हणजे एक वेगळंच दुखणं आहे. ज्याला वाटेल तो वाटेल तिथं टाकतो. ना निशाण, ना दिवा. वरून वायर पाण्यातून.

गाळपेरवाला

पाइपावर घसरलात म्हणून बोलतो. आमची जमीन गेली तळ्यात, आणि पाणी उचलायचं तर तुमच्या इंजिनाला विचारून उचलायचं का? पाणी मागं सरकलं की मोटार पुढं सरकवावी लागते, आठवड्याला एकदा तरी. लाइट रात्रीची. चिखलात मांडीपर्यंत उभं राहून केबल ओढा एकदा, मग निशाण-दिव्याच्या गोष्टी करा.

आणि पाणी मागं सरकतं कामून, ते पण बोला की. १५ ऑक्टोबरला ६५ टक्के भरलं नसलं तर वरच्या नगर-नाशिकच्या धरणांतून सोडायचं, असं २०१४ ला ठरलं. दर वर्षी कोर्ट, दर वर्षी मोर्चा, दर वर्षी "वाटेत मुरलं". होडी चालवायला तळ्यात पाणी पाहिजे ना आधी? टॅब कशाला, पंचांग घ्या, त्यात बघा पाणी कधी येतंय.

तीन_पिढ्या_पाण्यात

वरच्या पाण्यावर मी तुमच्या बाजूचा आहे, पाइपावर नाही.

व्यवस्थापक

नगर-नाशिकच्या पाण्याला वेगळा धागा आहे, तिथं ८०० प्रतिसाद झालेत. इथं होडी.

सुट्टीवरचा_खलाशी

मी अंबाजोगाईचा, मर्चंट नेव्हीत, सध्या सुट्टीवर. दोघांचंही थोडं ऐकून घ्या.

आमच्या जहाजावर पडद्यावरचाच चार्ट असतो, एक्डिस म्हणतात. २०१२ ते २०१८ च्या दरम्यान टप्प्याटप्प्यानं सक्तीचा झाला. तेव्हा "पडदा म्हणजे खेळणं" हे जगातल्या मोठ्या जहाजांनी कधीच निकालात काढलंय. पण कागद काढून टाकायचा तर पर्यायी यंत्रणा लागते, सहसा दुसरी एक्डिसच, तिलाही बॅटरीचा वेगळा आधार. नावाडीभाऊ, तुमचा टॅब एक आहे. तो पाण्यात पडला तर काय?

दुसरं. जहाज टक्कर टाळायचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ चे, त्यात पाचवा नियम फक्त नजर ठेवण्याबद्दल आहे, डोळ्यांनी आणि कानांनी. पाइपाची गोष्ट त्याच नियमातली. जीपीएस तुम्ही कुठं आहात ते सांगतं, मोकळ्या आभाळाखाली पाचेक मीटरच्या फरकानं. समोर काय आहे आणि खाली किती पाणी आहे याचा त्याला पत्ता नसतो. नाथसागराची पूर्ण पातळी १५२२ फूट आणि मृतसाठ्याची त्याच्या बरीच खाली. म्हणजे पंचवीस-तीस फुटांचा खेळ. ऑक्टोबरात ज्या झाडावरून तुम्ही बिनघोर जाता तेच एप्रिलमध्ये तळ फाडतं. तुमच्या २३ ठिपक्यांपुढं पातळी लिहिली आहे का?

धुक्यातला_नावाडी

एक होकायंत्र आहे, अडीचशे रुपयांचं. पातळी लिहिलेली नाही. लिहीन.

सुट्टीवरचा_खलाशी

होकायंत्र टॅबच्या जवळ ठेवता का? कव्हरला लोहचुंबक असतो. सुई कुठंही बघेल.

धुक्यातला_नावाडी

(कव्हर काढून बघितलं. बोलत नाही.)

काठावरची_दुर्बीण

१९८६ पासून हे पक्षी अभयारण्य आहे, एवढं कुणाच्या तरी टॅबात टाका. हिवाळ्यात रोहित पक्षी उथळ पाण्यात बसलेले असतात आणि पहाटे तुमची इंजिनं.

तीन_पिढ्या_पाण्यात

मासळी खाता का तुम्ही?

काठावरची_दुर्बीण

खाते. चप्पूवरून वल्ह्यानं आणलेली.

पुतण्या_टाइप_करतोय

नमस्कार. आमचे काका ७४ वर्षांचे आहेत, मी त्यांना हा धागा वाचून दाखवला. ते खवळलेत. ते सांगतील तसं लिहितो, शब्द त्यांचे.

"त्या नावाड्याला इचार, धरणाच्या आतल्या अंगाला त्यानं सातवा धोका कुठं मांडलाय. चित्र टाकलं होतं ना त्यानं मागं, म्या बघितलंय. तिथं मारुतीचं देऊळ हाय आन् त्याच्या म्होरं पार. ते मव्हं गाव व्हतं. म्या त्या पारावर गोट्या खेळलो. शंभराच्या वर गावं गेली, त्यातलं एक. आमी बैलगाडीत भांडी घालून निघालो तवा पाणी वेशीत व्हतं. आन् ह्यानं त्याला 'धोका ७' म्हणावं?"

दुसरं म्हणतेत, "आन् ते बी चुकीच्या जागी मांडलंय."

धुक्यातला_नावाडी

काका, नावाबद्दल माफी. घाईत अंक टाकत गेलो. पण जागेबद्दल नाही म्हणावं लागेल. ती जागा सर्व्हे ऑफ इंडियाच्या शीटवरून अक्षांश-रेखांश मोजून टाकलीय. सरकारी नकाशा आहे, शीट क्रमांक ४७ एम. आठवणीत पन्नास वर्षांत थोडं इकडंतिकडं होतं, राग मानू नका.

पुतण्या_टाइप_करतोय

राग मानलाय.

"तू कवा त्या ठिपक्यावर काठी घालून बघितली का? तिथं काठी चिखलात जाईल. देऊळ तिथून वरच्या अंगाला, पैठणहून टोका गावाकडं तोंड केलं की थोडं उजव्या हाताला. शंभर-सव्वाशे मीटर तरी. उन्हाळ्यात पाणी उतरलं की आमी जातो, नारळ फोडतो. २०१६ ला तर गाडी गेली थेट पारापोतर. नकाशा सरकारी हाय तर असंल. धरण बी सरकारीच व्हतं. मोबदल्याचा कागद बी सरकारी व्हता, त्याच्यात मव्हा एक एकर कमीच निघाला."

गाळपेरवाला

काकांना रामराम सांगा. आमचा दीड.

पाहुणा_जालन्याचा

मोबदल्याचं काढलंत म्हणून सांगतो. आमच्या आज्याला जी जमीन बदल्यात दिली तिच्यात कुदळ मारली की ठिणगी निघायची. तिथं तीस वर्षं ज्वारी काढली त्या माणसानं. तुमचे टॅब अन् एक्डिस राहू द्या, बुडालेल्या गावांची एक यादी तरी कुणाकडं हाय का, घरांसकट? कुणाची विहीर, कुणाचा वाडा?

तीन_पिढ्या_पाण्यात

यादी डोक्यात आहे, भाऊ. आमच्या वडिलांना सगळी माहीत. जाळं टाकताना म्हणायचे, "पाटलाच्या वाड्यात टाक, मरळ तिथंच बसतो." मी लहानपणी समजायचो पाटलाचा वाडा हे पाण्याच्याच एका जागेचं नाव आहे. काठावर खरा वाडा असतो हे शाळेत गेल्यावर कळलं.

तेच म्हणतोय मी केव्हापासून. हे टॅबात कसं येणार?

पाहुणा_जालन्याचा

आणि तुमचे वडील गेल्यावर?

तीन_पिढ्या_पाण्यात

गेले. तीन वर्षं झाली. मला त्यातलं निम्मं येतं. पोराला एक जागा येत नाही, तो वाळूजला कंपनीत आहे.

सुट्टीवरचा_खलाशी

मध्ये बोलतो, पण देवळाच्या जागेचं. नावाडीभाऊ, शीटवरचे आकडे तुम्ही जसेच्या तसे टॅबात टाकलेत का?

धुक्यातला_नावाडी

हो. डिग्री, मिनिट, सेकंद. तीनदा तपासून.

सुट्टीवरचा_खलाशी

मग काका बरोबर आहेत.

जुन्या टोपोशीट एव्हरेस्ट नावाच्या मोजमापावर काढलेल्या आहेत, इंग्रजांच्या काळचं ते. जीपीएस चालतं डब्ल्यूजीएस-८४ वर. पृथ्वीचा आकार दोघांनी वेगळा धरलेला, केंद्रही वेगळं. त्यामुळं तोच आकडा दोन्हीकडं दोन जागा दाखवतो. आपल्या भागात फरक शे-सव्वाशे मीटरचा पडतो, आणि खरी जागा तुमच्या ठिपक्याच्या वायव्येला निघते. पैठणहून टोक्याकडं बघितलं की वायव्य म्हणजे वरचं अंग. आम्हाला कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवतात, चार्टच्या कोपऱ्यात कुठलं मोजमाप लिहिलंय ते आधी वाच. ओपनसीपीएनवाल्या लॅपटॉपवर चित्र बसवताना हे विचारलं गेलं असेल, तुम्ही पुढं दाबलं असेल.

उपग्रहाच्या चित्रावरून घेतलेले धोके ठीक आहेत. शीटवरून घेतलेले सगळे सरकवा.

धुक्यातला_नावाडी

शीटवरून नऊ घेतलेत. म्हणजे दीड वर्ष मी नऊ चुकीच्या जागा टाळत फिरलो आणि नऊ खऱ्या जागांवरून गेलो.

तीन_पिढ्या_पाण्यात

आणि पंखा शाबूत. मारुतीरायाची कृपा म्हणा, टॅबची नको.

धुक्यातला_नावाडी

म्हणतो. पण धुक्यातून घरी मला टॅबनंच आणलंय, मारुतीनं नाही, हेही लिहून ठेवा.

तीन_पिढ्या_पाण्यात

धुक्यात चालेल. धुक्यात म्हटलं, मेमध्ये नाही. आणि मान वर ठेवायची.

एक विचारू का, हसू नका. वडिलांच्या जागा, जेवढ्या मला येतात तेवढ्या, तुमच्या त्यात मांडता येतील का? होडी मी नेईन, तुम्ही नुसतं बोट दाबायचं. पाटलाच्या वाड्याची मात्र जागा कुणाला दाखवायची नाही. मरळ संपेल.

धुक्यातला_नावाडी

रविवारी पहाटे. बोट कोरडं ठेवायला फडकं आणतो.

काकांना सांगा, ठिपका वायव्येला सरकवला. "धोका ७" पुसून "मारुतीचा पार" लिहिलं. विहीर कुठं होती?

पुतण्या_टाइप_करतोय

काका म्हणतेत, "पारापासून उगवतीला चाळीस पावलं."

धुक्यातला_नावाडी

एक पाऊल किती फुटाचं धरू?

पुतण्या_टाइप_करतोय

विचारलं. ते म्हणतेत, तवा मी धा वर्षाचा व्हतो, तसं धर.