किलोमागे पाणी घटलं, तरी बोअर आटली. फॉर्ममध्ये काय लिहू?

रंगखाते_सोलापूर:
अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात रंगाई बघतो. परदेशातल्या खरेदीदाराचा फॉर्म आलाय. किलोमागे पाणी किती वाचवलं, एवढंच विचारलंय. आम्ही एक तृतीयांश वाचवलं. शेवटच्या धुण्याचं पाणी पुढच्या लॉटच्या पहिल्या धुण्याला वापरतो. पण दरम्यान माल दुप्पट झाला, म्हणजे एकूण उपसा एक तृतीयांशानं वाढला!

एप्रिलमध्ये बोअरचं पाणी इतकं जड झालं, की पाण्याचा जडपणा काढणारा सॉफ्टनर तीन दिवसांनी मीठ मागायचा, तो रोज मागू लागला. मरून रंगाच्या लॉटवर फिकट डाग पडले. मग पंप नुसती हवा ओढू लागला. आता टँकर. फॉर्ममध्ये मात्र आम्ही पास. मला हे पटत नाही.

भूजल_वाचक:
तुमची शंका रास्त आहे. २००९ मध्ये योहान रॉकस्ट्रॉम या शास्त्रज्ञानं आणि सहकाऱ्यांनी पृथ्वीच्या नऊ मर्यादा मांडल्या, म्हणजे माणसानं ओलांडू नयेत अशा रेषा. २०२३ च्या अभ्यासात त्यातल्या सहा ओलांडलेल्या निघाल्या, गोडं पाणीही त्यात आलं. मर्यादा एकूण वापराला असते, किलोमागच्या वापराला नसते. त्यात कार्बन कुठंही सोडला तरी आभाळ एकच. पाण्याचं तसं नाही. दुसरीकडं कुठं वाचवलं म्हणून तुमच्या बोअरला पाझर फुटत नाही. हिशेब तुमच्याच पाणलोटाचा हवा.

मंद्रूपकर:
टँकर भरतो ती विहीर कुणाच्या तरी शिवारातच असते की ओ. आमच्या शेजारची उन्हाळ्यात दिवसभर उपसत होती, आमची दोन परस खाली गेली. आमचा ऊस तुमच्यापेक्षा जास्त पितो, हे कबूल. उजनी धरण भरलं तर ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), पण त्यातलं निम्म्याहून जास्त मृतसाठा. शहर, कारखाने, कालवे सगळ्यांचा डोळा त्यावरच. टँकरचं पाणीही मोजा, एवढंच म्हणणं.

रंगखाते_सोलापूर:
टँकरचं पाणी मी धरलंच नव्हतं. आमच्या आवारातलं नाही म्हणून सोडून दिलं होतं. चूक झाली.

आज बसून वर्षाचा एकूण उपसा काढला, बोअर वेगळी, टँकर वेगळे. दोरीला वजन बांधून बोअरची पातळीही घेतली; दिवाळीनंतर परत घेणार. पातळी ठरलेल्या खुणेच्या खाली गेली तर गडद रंगाची नवी ऑर्डर घ्यायची नाही, असं मालकांना सांगणार आहे. गडद रंगाला धुणी जास्त लागतात. फॉर्ममध्ये यासाठी रकाना नाही, म्हणून वेगळा कागद जोडतोय.