मुंबईत घर परवडत नाही याला भाडे कायदा आणि एफएसआय (जागेच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण) जबाबदार आहेत, माझं मत

कळवा_स्लो:
काल ठाण्यात वन बीएचके बघून आलो, १ कोटी सांगतायत. ८० लाखांचं लोन साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलं तर हप्ता ६९ हजारांच्या वर जातो, आणि तसलाच फ्लॅट त्याच बिल्डिंगीत २५-२८ हजार भाड्याने मिळतोय. सगळे बिल्डरला शिव्या देतात पण माझ्या मते घरं पुरेशी बांधूच दिली नाहीत हे मूळ आहे. १९४७ च्या कायद्याने भाडी १९४० च्या आकड्यावर गोठवली, मग भाड्याने द्यायला चाळ कोण बांधणार? पुढे १९७६ ला शहरात एकाने किती मोकळी जमीन ठेवायची याला मर्यादा घालणारा कमाल जमीन धारणा कायदा आला, केंद्राने तो १९९९ ला काढला तरी आपल्याकडे २००७ पर्यंत होता. आणि १९९१ च्या बांधकाम नियमांत एफएसआय किती, तर शहरात १.३३ आणि उपनगरात १. एवढ्या गर्दीच्या शहरात!

लालबागची_सून:
भाऊ, पागडीचं, म्हणजे भाड्याची खोली घेताना मालकाला द्यायच्या एकरकमी पैशांचं, नाव नाही घेतलंत तुम्ही. माझ्या सासऱ्यांनी दागिने मोडून पागडी भरली तेव्हा ही दहा बाय बाराची खोली मिळाली, आज भाड्याची पावती १८० रुपयांची फाटते हे खरं, पण खोली विकायची तर मालकाला हिस्सा द्यावाच लागतो. गॅलरीला खालून लाकडी टेकू लावलेत, मुलं त्याच्याखालून शाळेत जातात. आणि पुरवठा वाढला की भाव उतरतात म्हणता ना, मग गिरण्यांच्या जमिनींचं काय झालं? १९९१ च्या नियमाने एक तृतीयांश महापालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला मिळणार होती, २००१ ला नियम बदलून हा हिशोब फक्त मोकळ्या जागेपुरता केला आणि २००६ ला सुप्रीम कोर्टाने तो बदल मान्य केला. समोर टॉवर झालाय, रात्री भांडी घासताना दिसतं, दहा-बारा खिडक्यांत लाईट, बाकी अंधार.

कळवा_स्लो:
पागडीचं मान्य, चुकलं माझं. पण त्या अंधाऱ्या खिडक्यासुद्धा जुन्या कायद्याचीच देन आहेत ताई, भाडेकरू घुसला की निघत नाही ही भीती लोकांच्या मनातून गेलेली नाहीये.

अकरा_महिने:
ही सबब आता चालणार नाही. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात कलम २४ आहे, लीव्ह अँड लायसन्सची, म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाडेकराराची, मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. लोक फ्लॅट बंद ठेवतात कारण भाडं वर्षाला दोन-तीन टक्के सुटतं आणि भाव वाढायची आशा त्याहून मोठी असते, शिवाय बंद ठेवायला वेगळा खर्च असा काहीच नाही. रिकाम्या घरावर जास्तीचा कर लावा, बघा कशी कुलपं उघडतात.

साईटवरचा_माणूस:
वीस वर्षं बांधकामात आहे, दोन्ही बाजूंशी अर्धाच सहमत. २०१८ च्या नियमांतसुद्धा उपनगरात मूळ एफएसआय १ च आहे, वरचा हवा तर प्रीमियम (जादा बांधकामाचं शुल्क) भरा नाहीतर टीडीआर (दुसऱ्या जागेचा बांधकामाचा हक्क) विकत घ्या. म्हणजे टंचाई ठेवायची आणि तीच विकायची. २०२१ मध्ये प्रीमियम वर्षभर निम्मा केला तेव्हा ग्राहकाची स्टँप ड्युटी बिल्डरने भरायची अशी अट होती, म्हणजे कोणाच्या खिशातून किती जातं हे सरकारला पक्कं ठाऊक आहे. पण सगळा एफएसआय फुकट सोडला तर पाण्याच्या लाईनी आणि गटारं कशातून करणार, हेही कळवा_स्लो यांनी सांगावं.

कळवा_स्लो:
मालमत्ता कर नीट वसूल करून. नवीन घर घेणाऱ्याच्याच मानेवर सगळं का?

लालबागची_सून:
नवीन घरं वाढवा, माझी ना नाही. पण आधी आमच्यासारख्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या, चाळींचं बघा. पुनर्विकासाला लागणाऱ्या ५१ टक्के सह्या आमच्याकडे कधीच झाल्यात, अडलंय ते संक्रमण काळातल्या, म्हणजे बांधकाम होईपर्यंत बाहेर राहण्याच्या, भाड्यावर, बिल्डर अकरा महिन्यांचंच आगाऊ देतो म्हणतो आणि बिल्डिंग उभी राहायला तीन-चार वर्षं लागणार. बाराव्या महिन्यापासून सासूबाईंना घेऊन मी कुठे जायचं?