बर्लिनचा बोगदा (१९५५-५६): अमेरिका आणि ब्रिटन यांनी काम कसं वाटून घेतलं?

शीतयुद्ध_वाचक: पूर्व बर्लिनमधल्या सोव्हिएत लष्कराच्या दूरध्वनी-तार केबलवरचं बोलणं चोरून ऐकण्यासाठी खोदलेल्या बोगद्याबद्दल दोन गोष्टी अडल्या आहेत. सीआयए आणि ब्रिटिश गुप्तहेर खातं यांच्यात नेमकं कोणी काय केलं? आणि ब्रिटिश खात्यातल्याच जॉर्ज ब्लेकने, जो सोव्हिएतांचा हेर होता, खोदाईआधीच केजीबीला (सोव्हिएत गुप्तहेर खात्याला) खबर दिली होती, तर हाती लागलेलं सगळं बनावटच होतं ना?

तारजोडणी: आधी कामाची वाटणी. आडवा बोगदा आणि बहुतेक खर्च अमेरिकेचा, केबलपर्यंत जाणारी उभी विहीर आणि प्रत्यक्ष जोडणी ब्रिटिशांची. पश्चिम बर्लिनच्या अमेरिकन हद्दीत रुडो इथे रडार-केंद्र म्हणून गोदाम बांधलं आणि त्याचं तळघर मुद्दाम खोल ठेवलं, कारण निघणारी माती बाहेर नेली असती तर पलीकडच्या पहारेकऱ्यांना दिसली असती. तिथून सोव्हिएत हद्दीतल्या आल्टग्लिनिकेच्या दिशेने सुमारे ४५० मीटर लांब, दोन मीटर व्यासाचा बोगदा. भिंतीला पोलादी पत्रे, मागच्या पोकळीत सिमेंट. पोकळी राहिली तर वरची जमीन खचते आणि मग सगळंच उघडं पडतं.

अवघड भाग शेवटचा. केबल रस्त्याच्या पृष्ठभागाखाली जेमतेम ७० सेंटिमीटरवर, डोक्यावरून जड वाहनं जाणार. म्हणून विहीर खालून वर, थोडी थोडी माती काढत नेली. जोडणी करताना मूळ लाइनची शक्ती जाणवेल इतकी घटता कामा नये, नाहीतर पलीकडचा तंत्रज्ञ लगेच दोष शोधायला लागतो. म्हणून जेवढी कमी शक्ती घेता येईल तेवढीच घ्यायची आणि ती जवळच्याच ॲम्प्लिफायरने वाढवायची.

भूमापक: यात भर घालतो. खरा त्रास उष्णता आणि दमटपणाचा. ॲम्प्लिफायर तापतात, बोगद्यातली हवा तापते, आणि थंडीत वरचा बर्फ नेमका बोगद्याच्या रेषेतच वितळू लागतो. म्हणजे जमिनीवर नकाशाच काढून दिल्यासारखं! उपाय म्हणून थंड पाण्याचे नळ फिरवावे लागले. दुसरीकडे, उघड्या केलेल्या केबलमध्ये ओल शिरली की विद्युतरोधन बिघडतं, त्यामुळे जोडणीची खोली कोरडी ठेवणं हे रोजचंच काम. खोदाईच्या सुरुवातीला तर सांडपाण्याची जुनी टाकीच मध्ये आली. जमिनीची चाचणी कितीही केली तरी असलं काही नकाशात सापडत नाही.

शीतयुद्ध_वाचक: मग ध्वनिमुद्रित माल वेगवेगळ्या शहरांत का पाठवला?

तारजोडणी: दूरध्वनीच्या फिती लंडनला, तारसंदेशांच्या वॉशिंग्टनला. एका तारजोडीवर अनेक संदेश एकत्र जातात, ते सुटे करणारी यंत्रं वॉशिंग्टनमध्ये होती. रशियन संभाषणं ऐकून उतरवायला मात्र माणसंच लागतात, आणि तो मोठा गट लंडनमध्ये बसवला. ११ मे १९५५ पासून २२ एप्रिल १९५६ पर्यंत सुमारे ५०,००० रिळं भरली. उपसायला सप्टेंबर १९५८ उजाडला. ऐकणं सोपं, उतरवणाऱ्यांची संख्या हीच अडचण.

पडताळणी: ब्लेकबद्दल. डिसेंबर १९५३ मधल्या लंडनच्या बैठकीचं इतिवृत्त त्याच्याकडे होतं, त्यामुळे खोदाई सुरू होण्यापूर्वीच, १९५४ च्या सुरुवातीला, केजीबीला कळलं. पण 'मग सगळं बनावट' हा निष्कर्ष घाईचा आहे. खोटा माल पुरवायचा तर शेकडो अधिकाऱ्यांना रोज खोटं बोलायला लावावं लागतं, म्हणजे ही गोष्ट शेकडोंना सांगावी लागते, आणि तितकंच ब्लेक उघडा पडण्याचा धोका वाढतो. केजीबीने पूर्व जर्मनीतल्या सोव्हिएत लष्कराला अंधारात ठेवलं. सैन्यरचना, बदल्या, नव्या पूर्व जर्मन सैन्याची उभारणी, हे सगळं त्यामुळे खरंच होतं. मुसळधार पावसाने केबल बिघडल्यावर दुरुस्तीच्या निमित्ताने सोव्हिएतांनी बोगदा 'शोधला'. ब्लेक मात्र १९६१ पर्यंत पकडला गेला नाही.

मित्रांमधल्या कामवाटणीचा कमजोर बिंदू हाच: प्रत्येक बाजूने आपली माणसं नीट तपासली असली, तरी दुसऱ्या बाजूचा माणूस तपासायचा अधिकार कोणालाच नव्हता.

शीतयुद्ध_वाचक: म्हणजे माल खरा, पण पलीकडे तो दिला जात असल्याची जाणीव होती. हे डोक्यात नव्हतं आलं. धन्यवाद.